खिशातली डबी आणि पुराची पिशवी: नाव एकच, कामं दोन

'घरात एक इमर्जन्सी किट तयार ठेवा' असं ऐकलं की बहुतेक घरांत एकच वस्तू तयार होते. शाळेची जुनी बॅग, त्यात टॉर्च, काडेपेटी, चाकू, बिस्किटं, बँडेज आणि नायलॉनची दोरी. ही बॅग ना खानापूरच्या रानात कामाला येते, ना चिकोडीकडच्या पुरात. रानात ती मोटरसायकलला अडकवलेली राहते आणि पुरात तिच्यात रेशन कार्ड नसतं.

बेळगाव जिल्ह्याला दोन्ही प्रसंग नवे नाहीत. पश्चिमेला कणकुंबी, जांबोटी, भीमगडचं दाट जंगल. पावसाळ्यात धुकं उतरतं, पायवाट चुकते, गवाळी-कोंगळ्याच्या बाजूला मोबाइलची रेंज येत-जात राहते. इथे माणूस एकटा अडकतो, तेही न सांगता. उत्तरेला कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा. तिथलं पाणी सहसा कळवून येतं: कोयनेचा विसर्ग वाढला, राजापूर बंधाऱ्यावरून किती पाणी सुटलं, कल्लोळ-येडूर बंधारा बुडाला, अशा बातम्या आधी येतात. २०१९ आणि २०२१ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी राष्ट्रीय महामार्गावर आलं, तेव्हाही काठावरच्या गावांना सामान बांधायला काही तास मिळालेच होते.

पहिल्या प्रसंगासाठी डबी, दुसऱ्यासाठी पिशवी. डबी एका माणसाची, एका रात्रीची, पाव किलोच्या आतली, आणि अंगावरच्या कपड्यांच्या खिशात. पिशवी अख्ख्या घराची, तीन-चार दिवसांची, दाराजवळच्या खुंटीवर. डबी पाठीवरच्या सॅकमध्ये टाकली की ती डबी राहत नाही, कारण ओढ्यात उतरताना माणूस सॅक काठावर ठेवतो आणि पाय घसरतो तो नेमका तेव्हाच.

डबीसाठी साबणाची प्लास्टिक डबी बरेच जण सुचवतात. ती हलकी असते, पण झाकणातून पाणी आत जातं. त्यापेक्षा घट्ट झाकणाचा, अडीचशे मिलिलिटरचा स्टीलचा छोटा डबा बरा, कारण वेळ आली तर त्यात पाणी उकळता येतं. झाकणाच्या सांध्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचं दोन-तीन सेंटिमीटर रुंद कडं ताणून चढवा. पंक्चरवाला फुकट देतो. मग आत कोरड्या वर्तमानपत्राचा तुकडा घालून डबा बादलीत दहा मिनिटं बुडवून धरा. कागद ओला निघाला तर कडं बदला. ही परीक्षा न करता भरलेली डबी म्हणजे नुसती समजूत. उकळायच्या वेळी कडं मात्र काढून ठेवायचं.

आत काय घालायचं यात सगळ्यात जास्त चुका विस्तवाच्या बाबतीत होतात. आपली नेहमीची काडेपेटी सेफ्टी प्रकारची असते. काडी फक्त पेटीच्या बाजूच्या पट्टीवरच पेटते, कारण लाल फॉस्फरस त्या पट्टीत असतो. काड्या मेणात बुडवून ठेवल्या तरी दमट हवेत पट्टी आधी मऊ पडते आणि मग वीस कोरड्या काड्या हातात घेऊन बसावं लागतं. काड्याच ठेवायच्या असतील तर पट्टीचे दोन तुकडे कापून होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत काड्यांसोबत घाला. गुल एकमेकांकडे आणि पट्टीची खरखरीत बाजू बाहेर, नाहीतर हेलकाव्यांनी घासतील. याहून सोपा उपाय म्हणजे सिगारेटचा छोटा गॅस लायटर. त्याचा खटका खिशात दाबला जाऊन गॅस निघून जातो, म्हणून खटक्याखाली ट्यूबची चिंधी अडकवा. चाक भिजलं तर पँटच्या आतल्या कोरड्या बाजूवर दहा-पंधरा वेळा फिरवायचं, मग ठिणगी येते.

ओलं लाकूड लायटरने पेटत नाही, मध्ये काहीतरी जळतं राहणारं लागतं. कापूर दमट हवेतही पेट घेतो, देवघरात असतोच. पण तो उडून जातो. नुसत्या पुडीत ठेवलेला कापूर काही महिन्यांनी निम्मा होतो, त्यामुळे तोही त्याच छोट्या बाटलीत, बूच घट्ट लावून. दुसरा उपाय कापसाचा: बोराएवढा बोळा व्हॅसलिनमध्ये चोळायचा, पण पूर्ण चिंब करायचा नाही, थोडे कोरडे तंतू बाहेर राहिले पाहिजेत, कारण ठिणगी तेच पकडतात. असा बोळा तीन-चार मिनिटं जळतो. झाकणावरचं ट्यूबचं कडंही शेवटी जळण म्हणून चालतं, ओलं असलं तरी. काळा धूर होतो, आणि शोधणाऱ्यांना तो दिसतो हे वाईट नाही. अभयारण्यात विस्तव करायला बंदी आहे आणि फेब्रुवारी ते मे या काळात एक ठिणगी पुरते, तेव्हा ही सगळी तयारी पावसात भिजून थंडी भरलेल्या माणसासाठी, चहासाठी नव्हे.

पुराच्या पिशवीत यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या निवारा छावणीत, चूल असते. तिथे उजेड लागतो, आणि त्यासाठी मेणबत्तीपेक्षा टॉर्च ठेवा, कारण पाणी शिरलेल्या घरात गॅसची नळी हललेली असू शकते. टॉर्चचे सेल आत घालून ठेवले तर ते पाझरतात आणि पाती गंजतात. सेल वेगळे ठेवा, किंवा सेल आणि पातीच्या मध्ये जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी घाला आणि लागेल तेव्हा ओढून काढा. डबीतल्या बटणाएवढ्या टॉर्चलाही हीच युक्ती. पॉवर बँक दर तीन महिन्यांनी चार्ज करायची.

पाण्याच्या बाबतीत गोंधळ वेगळा आहे. रानात पावसाळ्यात पाणी कमी नसतं, भांडं कमी असतं. नंदिनीची एक लिटरची दुधाची पिशवी फक्त एक कोपरा कापून, कोमट पाण्याने आणि साबणाने दोनदा धुऊन, उलटी टांगून वाळवली की घडी काडेपेटीएवढी होते. नीट धुतली नाही तर स्निग्धांश आंबतो आणि पाण्याला वास येतो. पाणी डब्यात उकळा. खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे. पारदर्शक बाटली सहा तास उन्हात ठेवायची युक्ती बरोबर आहे, पण जुलैत कणकुंबीला सहा तास ऊन कुठून आणणार?

पुरात उलट होतं. पाणी चारी बाजूंनी, पण विहीर आणि बोअर दोन्ही गढूळ. तुरटी फिरवली की पाणी नितळ दिसतं आणि लोक ते पिऊन मोकळे होतात. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. आणि गढूळ पाण्यात सरळ क्लोरीन टाकलं तर त्याचा बराचसा जोर गाळावरच खर्च होतो. म्हणून क्रम असा: फडक्याने गाळा, तुरटी फिरवा, वरचं नितळ पाणी दुसऱ्या भांड्यात काढा आणि मग क्लोरीन. पाच-सहा टक्क्यांच्या साध्या क्लोरीन द्रावाचे (सोडियम हायपोक्लोराइट) लिटरला दोन थेंब, पाणी तरीही धूसर असेल तर चार, आणि अर्धा तास झाकून ठेवा. हलका वास आला पाहिजे. सुगंधी किंवा संडास धुण्याचा द्राव यासाठी वापरायचा नाही. गोळ्या असतील तर पाकिटावरचं प्रमाण पाळा. पिशवीसोबत पाच लिटरचा तेलाचा कॅन धुऊन ठेवा. जाताना त्यात पिण्याचं पाणी भरून न्यायचं.

दोन्हीकडे उपयोगी अशी एक गोष्ट म्हणजे प्लास्टिकची खोळ. खताच्या पोत्याच्या आतलं अस्तर, किंवा मोठी कचऱ्याची पिशवी. डोक्यावरून पांघरलं की वारा आणि पाऊस दोन्ही अडतात. चेहऱ्यापुरतंच भोक पाडा. रंग शक्यतो पिवळा किंवा केशरी. काळी खोळ रानात चार हातांवरून दिसत नाही.

डबीत आणखी: शिट्टी (तीनदा, मग थांबून परत तीनदा, हा मदतीचा खूण-आवाज), जुन्या सीडीचा तुकडा आरशासारखा, दोन सेफ्टी पिना, मीठ जळवांसाठी, लायटरवरच गुंडाळलेला दोन हात चिकट टेप, आणि कागदात बांधलेलं अर्धं ब्लेड. ब्लेड दोरी कापायला. साप चावला तर चिरा देणं किंवा घट्ट बांधणं यातलं काहीही करायचं नाही. अवयव न हलवता दवाखाना गाठायचा.

पिशवीत जास्त महत्त्वाचे कागद. आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, जमिनीचा उतारा, झिपच्या पिशवीत आणि त्यावर दुसरी पिशवी. पाणी ओसरल्यावर पंचनाम्याला हेच लागतं. कागदांचे फोटो मोबाइलवर घेऊन ठेवा. दहा-वीसच्या नोटा ठेवा, कारण वीज गेली की एटीएम आणि फोन-पेमेंट दोन्ही बंद. रोजची औषधं निदान आठवड्याची. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते गार ठेवायला ओल्या वाळूत बसवलेलं मातीचं मडकं लक्षात ठेवावं. खाण्यासाठी चिरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ. चिरमुऱ्यांना चूल लागत नाही, पाण्यात भिजवून निथळले तरी पोट भरतं. डबीत मात्र चिरमुरे घालू नका, जागा खातात. तिथे मूठभर गूळ-शेंगदाणे. आणि पिशवीजवळ एक विळा असू द्या, दाव्याची गाठ ओली झाली की हाताने सुटत नाही.

फोन नंबर कागदावर लिहून दोन्हीत ठेवा: ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७.

डबी दर पावसाळ्याआधी उघडायची, म्हणजे मृग लागायच्या आठवड्यात. कापूर किती उरला ते बघा, गुळाला मुंग्या लागल्या का ते बघा आणि ट्यूबच्या कड्याला चिरा पडल्या असतील तर नवं कडं कापा. पिशवीतली औषधं आणि शेंगदाणे त्याच दिवशी बदला. जुने शेंगदाणे खवट झाले नसतील तर संध्याकाळी चटणीत.