स्टेजवरची बॉडी, मांडीतलं ग्लायकोजेन आणि पाणी तोडायचा हट्ट

मिस्टर ऑलिम्पिया या शरीरसौष्ठव स्पर्धेचे फोटो आले की दरवर्षी एक सल्ला पुन्हा फिरायला लागतो, स्पर्धेआधी दोन-तीन दिवस पाणी बंद, मीठ बंद, मग कातडीखालचं पाणी उडतं आणि कट्स, म्हणजे स्नायूंच्या ठळक रेषा, दिसतात. जिममध्ये हे इतक्या खात्रीने सांगतात की समोरचा मान डोलावतोच. पण शाळेतलं जीवशास्त्र थोडं आठवलं तरी यात गडबड आहे हे कळतं, आणि ही गडबड लोकांच्या जिवावर बेतलेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी स्पर्धेबद्दल. शरीरसौष्ठवाची मासिकं काढणारे ज्यो वीडर यांनी १९६५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये ती सुरू केली. तेव्हा मिस्टर युनिव्हर्स जिंकलं की पुढे लढायला फारसं काही उरायचं नाही, त्या विजेत्यांना परत एकमेकांसमोर उभं करायचं अशी कल्पना. पहिली दोन वर्षं लॅरी स्कॉट, मग तीन वर्षं सर्जिओ ऑलिव्हा, मग १९७० ते ७५ सलग श्वार्झनेगर आणि १९८० ला परत एकदा तोच. विजेत्याला मिळतो तो आधुनिक शरीरसौष्ठवाचा जनक मानल्या जाणाऱ्या युजेन सँडोचा पुतळा. याच सँडोने १९०१ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली होती आणि तिथे परीक्षकांमध्ये चक्क आर्थर कॉनन डॉइल बसले होते!

१९७७ ते ७९ जिंकणारा फ्रँक झेन स्टेजवर साधारण ८४ किलोचा असायचा आणि २००३ चा रॉनी कोलमन १३० किलोच्या आसपास. पाव शतकात हा फरक नुसत्या व्यायामाने आणि खाण्याने पडलेला नाही, स्टेरॉइड आणि ग्रोथ हार्मोन हे त्यामागचं उघड गुपित आहे. १९९० साली स्टेरॉइडची तपासणी केली, काही जण बादही झाले, पण पुढे ती चालू ठेवली नाही. माझा आजचा विषय मात्र आकाराचा नाही, तर स्पर्धेच्या शेवटच्या आठवड्यात शरीरात जे होतं त्याचा आहे.

स्नायू वजनाने साधारण पाऊण हिस्सा पाणीच असतो, आणि त्यात साठवलेली साखर म्हणजे ग्लायकोजेन. ग्लुकोजचे हजारो रेणू एकमेकांना जोडून त्याचा फांद्या फुटलेला गोळा बनतो आणि एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. म्हणजे स्नायूत ग्लायकोजेन भरलं की पाणीही भरतं आणि स्नायू टम्म फुगतो, रिकामं झालं की तोच स्नायू बसका दिसतो, ज्याला बॉडीबिल्डर 'फ्लॅट' म्हणतात.

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग. ऑलिम्पिया सुरू झाली त्याच सुमाराला स्टॉकहोममध्ये योनास बेरीस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन हे दोन डॉक्टर एकाच व्यायामाच्या सायकलच्या दोन बाजूंना बसले आणि दोघांनी एकेकच पाय वापरून पार थकेपर्यंत पेडल मारलं, दुसरा पाय आरामात. बेरीस्ट्रॉम यांनी वापरात आणलेल्या जाड पोकळ सुईने मांडीच्या स्नायूचा अगदी छोटा तुकडा काढता येतो, तसे तुकडे त्यांनी स्वतःच्याच दोन्ही मांड्यांतून काढले. थकलेल्या पायातलं ग्लायकोजेन जवळजवळ संपलेलं, दुसऱ्यात होतं तसंच. मग तीन दिवस भरपूर कार्ब म्हणजे पिष्टमय पदार्थ खाल्ले आणि परत तुकडे काढले, तर थकलेल्या पायातलं ग्लायकोजेन नुसतं भरून आलं नव्हतं, ते आराम केलेल्या पायाच्या साधारण दुप्पट झालं होतं. १९६६ साली हे छापून आलं.

यातली गंमत नीट बघा. दोन्ही पायांना रक्त तेच, त्यातलं इन्सुलिन तेच, साखर तीच. तरी एकच पाय जास्त साठवतो, म्हणजे ढकलणारी गोष्ट रक्तात नाही, त्या स्नायूच्या पेशीतच आहे. पुढे कारणं हळूहळू उलगडली. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा पेशीच्या आत असलेले ग्लूट-४ नावाची साखरवाहक प्रथिनं पृष्ठभागावर येतात, त्याला इन्सुलिनची गरजही लागत नाही, आणि ग्लायकोजेन कमी झालं की ते बनवणारं ग्लायकोजेन सिंथेज हे एन्झाइम जोरात कामाला लागतं, साठा कमी तेवढं ते जास्त सक्रिय. दार उघडं आणि आतला कारागीर कामाला लागलेला, असा दुहेरी परिणाम. बॉडीबिल्डर आठवड्याच्या सुरुवातीला कार्ब तोडून जास्त रेप्स मारतात आणि मग भात-बटाट्यावर तुटून पडतात ते याच जोरावर.

आता याच्यात पाणी आणि मीठ तोडा, काय होईल? ग्लायकोजेनला धरायला पाणी हवं, ते कुठून येणार? आतड्यातून ग्लुकोज शोषणारं वाहक प्रथिन सोडियमसोबतच साखर आत ओढतं, म्हणजे तिथेही मीठ लागतं. आणि शरीराला 'फक्त कातडीखालचं पाणी काढ' असा हुकूम देता येत नाही. पेशींबाहेरच्या पाण्यात रक्तातला द्रवही येतो, तो घटला की स्टेजमागे डंबेल मारून पंप, म्हणजे रक्त भरून स्नायूला येणारा फुगीरपणा, आणायचा म्हटलं तरी येत नाही. वर मेंदू आणि किडनी गप्प बसत नाहीत, एडीएच आणि अल्डोस्टेरॉन ही हार्मोन्स वाढवून पाणी आणि मीठ धरून ठेवायला लागतात.

मग त्यावर मात करायला लोक लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतात, डाययुरेटिक, आणि इथे खेळ संपतो. या गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम वरखाली होतं, गोळी कुठली त्यावर कमी होणार की वाढणार ते ठरतं, आणि हृदयाचे ठोके त्याच पोटॅशियमच्या तोलावर चालतात. बॉडीबिल्डर मोहम्मद बेनाझिझा १९९२ मध्ये नेदरलँड्समधली स्पर्धा जिंकला आणि काही तासांत गेला. १९९४ च्या अर्नोल्ड क्लासिक या स्पर्धेत पॉल डिलेट स्टेजवर पोज मारता मारता तसाच आखडला, लोकांनी उचलून बाहेर नेला. १९९६ पासून ऑलिम्पियात डाययुरेटिकची तपासणी आली आणि त्या वर्षी तिसरा आलेला नासर एल सोनबाती त्यातच बाद झाला.

आणि हे 'पाणी उतरवणारे' पावडरीचे डबे विकतात ना, त्यांच्या जाहिरातीतला फोटो आधी बसक्या स्नायूचा आणि नंतर कार्ब, पंप, टॅन आणि नीट लावलेल्या दिव्यांचा असतो. दोन फोटोंमध्ये चरबी तसूभरही कमी न होता एवढा फरक दिसू शकतो. कट्स दिसतात ते कातडीखालची चरबी महिनोन्महिने उपासमारीच्या डाएटने कमी केल्यामुळे, शेवटच्या तीन दिवसांत चरबी जात नाही.

ऑलिम्पिया आता दोन दिवस चालते, शुक्रवारी पहिली फेरी, शनिवारी अंतिम. अनेक स्पर्धक सांगतात की शुक्रवारी स्टेजवरून उतरून नीट जेवले, मीठ खाल्लं, पाणी प्यायले की शनिवारी बॉडी जास्त भरलेली आणि कडक दिसते. वर सांगितलेलं गणित धरलं तर यात नवल नाही, मीठ आलं, पाणी आलं, रक्ताचं प्रमाण पूर्ववत झालं, साखर स्नायूत गेली आणि पंप परत यायला लागला.