सर्दी, की घरातल्या हवेचा त्रास?

मुलाचं नाक वाहतंय, रात्री खोकला येतोय, म्हणजे सर्दीच, असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा ते खरंही असतं. लहान मुलांना वर्षातून ६ ते ८ वेळा सर्दी होते, त्यात वावगं काही नाही. पण ‘याची सर्दी काही जातच नाही’ असं घरात बोललं जाऊ लागलं, की संशय गादीवर, ओल आलेल्या भिंतीवर आणि धुरावर घ्यावा.

बहुतेकजण शेंबडाचा रंग बघतात आणि तिथेच फसतात. हिरवा-पिवळा शेंबूड विषाणूच्या साध्या सर्दीतही येतो. केवळ त्यावरून अँटिबायोटिक मागू नका. मला रंगापेक्षा कॅलेंडर भरवशाचं वाटतं. सर्दी घसा खवखवून, कणकण येऊन सुरू होते आणि ७ ते १० दिवसांत ओसरते. खोकला तेवढा २-३ आठवडे रेंगाळू शकतो. ॲलर्जीत ताप नसतो. पाण्यासारखं नाक, एकामागून एक शिंका, डोळ्यांना खाज, आणि हे आठवडेच्या आठवडे. मुलाच्या हाताकडे नीट बघा. ते तळव्याने नाक खालून वर घासत असतं. महिनोन्महिने घासून नाकावर, शेंड्याच्या जरा वर, आडवी रेघ उमटते. आठवडाभराच्या सर्दीत तशी रेघ पडत नाही.

दुसरी खूण जागेची. मूल दिवसभर बाहेर ठीक असतं आणि सकाळी अंथरुणात डोळे उघडताच शिंकायला लागतं, तेव्हा गादी-उशीतले डस्ट माइट आठवावेत. हे किडे जेमतेम ०.३ मिलिमीटरचे. आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि पाणी हवेतल्या ओलाव्यातूनच शोषतात, म्हणून दमट खोलीत फोफावतात. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेची. चादरी-अभ्रे दर आठवड्याला ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा, ओल काढा. रूम फ्रेशनरने फक्त वास झाकला जातो, नाजूक श्वासनलिकांना उलट त्रासच होतो.

धुराची गोष्ट निराळी. ॲलर्जी नसलेल्या मुलालाही तो सोडत नाही. श्वासनलिकेच्या आतली बारीक लव जंतू आणि कफ वर ढकलत असते. धुराने ती मंदावते आणि खरीखुरी सर्दीही वरचेवर होते. म्हणजे हवा बिघडली की दोन्ही त्रास एकाच मुलात सापडतात. शेजारच्या खोलीत ओढलेल्या सिगारेटचा धूरही मुलापर्यंत पोचतोच. घरात ती नकोच.

धावल्यावर किंवा पहाटे खोकला येत असेल, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर दम्याची तपासणी करून घ्या. आणि मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. २ महिने ते १ वर्षापर्यंत मिनिटाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर सर्दी की ॲलर्जी हा विचार तिथेच सोडा आणि मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्या.