फिजिक्स २-ए घ्यायचं की ४-ए?

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजची (पहिली दोन वर्षं इथे करून पुढे विद्यापीठात ट्रान्सफर घेतात) कोर्सयादी चाळताना मराठी घरं एका जागी हमखास अडतात. क्युपर्टिनोच्या डी आन्झा कॉलेजचंच घ्या. तिथे फिजिक्सच्या दोन मालिका शेजारी शेजारी आहेत: २-ए, २-बी, २-सी ही एक आणि ४-ए ते ४-डी ही दुसरी. दोन्हींची सुरुवात न्यूटनच्या नियमांपासून, दोन्हींना प्रयोगशाळा, दोन्ही पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या. मग आपण सरळ हिशेब करतो: आधी २, मग ४. जर्मन १ झाल्यावर जर्मन २, तसंच हे.

तसं ते नाही. भाषेच्या कोर्समध्ये आकडा म्हणजे पायरी, पण इथला आकडा म्हणजे बसचा नंबर. २ नंबरची बस कितीही वेळ पकडली तरी ती ४ नंबरच्या थांब्यावर जाणार नाही.

२ची मालिका बीजगणित आणि त्रिकोणमितीवर चालते, ४ची कॅल्क्युलसवर, म्हणजे विकलन-संकलनावर. आपल्याला हा भेद पटकन उमगत नाही, कारण आपण तो कधी पाहिलेलाच नसतो. महाराष्ट्रात बारावीला पीसीएम घ्या नाहीतर पीसीबी, फिजिक्सचा पेपर एकच. अकरावीच्या बालभारतीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसऱ्याच धड्यात विकलन-संकलन येतं, मग पोराने गणित सोडलेलं असो वा नसो. कॅल्क्युलस बाजूला ठेवून कॉलेजचं पूर्ण फिजिक्स शिकवता येतं, ही गोष्टच आपल्याला नवी.

येतं कसं, ते पावसाच्या थेंबावर बघू. ढग २ किलोमीटर उंचीवर आहे. हवा नसती तर तो थेंब आपल्या डोक्यावर सेकंदाला जवळजवळ २०० मीटर वेगाने आदळला असता, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरच्या वर. मृगाच्या पहिल्या सरीत छत्री नव्हे, चिलखत लागलं असतं. प्रत्यक्षात टपोरा थेंबसुद्धा सेकंदाला ९ मीटरच्या आसपासच येतो. का? २-एचा विद्यार्थी सांगतो: वेग वाढला की हवेचा विरोध वाढतो. तो थेंबाच्या वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. दोन बलं समान मांडली, वर्गमूळ काढलं, उत्तर हातात. हे उत्तर चोख आहे, त्यात काही कमी नाही.

पण या वेगापर्यंत थेंब पोचला कसा, आणि किती वेळात? इथे २-एच्या हातातली 'अंतर-वेग-काळ' सूत्रं निकामी होतात. ती त्वरण स्थिर असेल तरच चालतात, आणि इथे तर त्वरण क्षणाक्षणाला घटतंय. ४-एचा विद्यार्थी त्या क्षणाचंच समीकरण लिहितो आणि ते सोडवतो. तेव्हा कळतं की टपोरा थेंब पहिल्या दोनेक सेकंदांतच अंतिम वेगाच्या ९५ टक्क्यांपलीकडे जातो. उरलेली सगळी वाट तो जवळपास एकाच चालीने उतरतो. मला विचाराल तर दोन मालिकांमधला सगळा फरक या दोन सेकंदांत आहे.

दुसरं उदाहरण: पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला ११.२ किलोमीटर वेग लागतो. याचं सूत्र २च्या मालिकेत हातावर ठेवतात, ४च्या मालिकेत संकलन करून काढायला लावतात.

म्हणून २ची मालिका सोपी, असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. ४च्या मालिकेला चार क्वार्टर (तीनेक महिन्यांची सत्रं) मिळतात, २ला तीनच. आणि त्या तिनांत बलं, उष्णता, लहरी, वीज, प्रकाश, अणू सगळं उरकायचं असतं. गणित हलकं, पण धावपळ फार. शिवाय द्रवांच्या प्रवाहासारखे विषय या वर्गात जिवंत होतात, कारण समोर बसलेल्यांतल्या अनेकांना पुढे माणसांच्या शरीराशी काम पडणार असतं. रक्तवाहिनीची त्रिज्या निम्मी झाली आणि दाब तेवढाच राहिला तर प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. हे समजायला कॅल्क्युलस लागत नाही. मेडिकलच्या एमकॅट परीक्षेलाही लागत नाही.

इंजिनिअरिंग किंवा फिजिक्स करायचं असेल तर मात्र ४चीच मालिका लागते. जीवशास्त्रवाल्यांना बहुतेक ठिकाणी २ चालते, पण विद्यापीठागणिक नियम बदलतो, तेव्हा गृहीत धरू नका.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाने वर्षभर 'जनरल फिजिक्स' (बीजगणितवालं) केलं, चांगले ग्रेड मिळवले आणि मग इंजिनिअरिंगच्या ट्रान्सफरचा कागद पाहिला. त्याला दुसरी मालिका पहिल्यापासून करावी लागली. वरून, युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया अशा दोन मालिकांचं मिळून एकाच मालिकेइतकं क्रेडिट देते. फीचा फटका त्या मानाने कमी (कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना सेमिस्टरच्या युनिटमागे, म्हणजे श्रेयांकामागे, ४६ डॉलर). वर्ष गेलं त्याचं काय? त्याची आई अजून म्हणते, "नावातच जनरल होतं, आम्हाला वाटलं सगळ्यांसाठीच असेल!"

नावावर जाऊच नका. ओपनस्टॅक्सच्या फुकट पुस्तकांतसुद्धा 'कॉलेज फिजिक्स' हे बीजगणितवालं आणि 'युनिव्हर्सिटी फिजिक्स' हे कॅल्क्युलसवालं आहे, आणि कॉलेजात ही दोन्ही शिकवतात. हायस्कूलच्या एपीमध्येही (शाळेतच घ्यायच्या कॉलेज-पातळीच्या कोर्समध्ये) तेच: फिजिक्स १ आणि २ बीजगणितवाले, फिजिक्स सी कॅल्क्युलसवालं. भूगोलात नावाचा चकवा उलटा बसतो. 'फिजिकल जिऑग्रफी' पदवीच्या अटींत विज्ञानाच्या रकान्यात मोजतात, 'कल्चरल जिऑग्रफी' समाजशास्त्रांच्या, आणि विषय मात्र एकच म्हणून पोरं बेधडक दुसरा घेऊन मोकळी होतात.

कोर्सच्या वर्णनात 'आधी काय झालेलं हवं' ही ओळ असते, ती आधी वाचा. तिथे कॅल्क्युलस असेल तर ही इंजिनिअरांची मालिका, त्रिकोणमितीवर भागत असेल तर दुसरी. आकडे कॉलेजागणिक वेगळे असतात, डी आन्झाचा ४ दुसरीकडे ४ असेलच असं नाही. त्यासाठी सी-आयडी नावाचे राज्यभर समान क्रमांक आहेत: १०५ आणि ११० म्हणजे बीजगणितवाली, २०५, २१० आणि २१५ म्हणजे कॅल्क्युलसवाली. शेवटी 'असिस्ट' या सरकारी संकेतस्थळावर आपलं कॉलेज, जायचं ते विद्यापीठ आणि पदवी टाका. कुठला कोर्स कशाच्या बदली धरतात ते तिथे जोडीजोडीने दिसतं. हे नाव नोंदवण्याआधी करायचं, ग्रेड आल्यावर नव्हे.