दोन फेऱ्या जास्त : वेंडेल स्कॉट यांच्या चषकामागची गोष्ट

४ ऑक्टोबर २०२१. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला टॅलाडेगा ट्रॅक. पावसामुळे रविवारची शर्यत सोमवारवर ढकललेली. सोमवारीही १८८ पैकी ११७ फेऱ्या झाल्या आणि पाऊस पुन्हा आला. शर्यत तिथेच थांबवली, त्या घडीला सगळ्यांत पुढे असलेला बबा वॉलेस विजेता ठरला. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत एक वाक्य हमखास होतं: स्टॉक कारच्या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेच्या सर्वोच्च मालिकेत शर्यत जिंकणारा हा दुसरा कृष्णवर्णीय चालक, पहिले वेंडेल स्कॉट, १९६३.

वाक्य बरोबर आहे. पण ते इतकं गुळगुळीत आहे की १९६३ मधली ती शर्यत संपली तेव्हा विजेत्याच्या जागी दुसराच माणूस चषक घेऊन उभा होता, हे त्यातून कळत नाही. स्कॉट यांची कारकीर्द समजून घ्यायची तर या खेळात फेऱ्या कोण मोजत होतं आणि कशा मोजत होतं, इथपासून सुरुवात करावी लागते. आणि त्याच्याही आधी दारूपासून.

स्टॉक कार म्हणजे दुकानात विक्रीला ठेवलेली गाडी. दुकानातला ‘स्टॉक’ तो हाच. फॉर्म्युला वनची गाडी शर्यतीसाठीच जन्माला येते. स्टॉक कार मुळात घरची, बाजारात जायची, मुलांना शाळेत सोडायची गाडी. तिला शर्यतीची गाडी केली ती अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागातल्या दारूवाल्यांनी. ॲपलाचियन डोंगरांत मक्याची हातभट्टी लागायची, कर चुकवून काढलेली ती दारू रात्री शहरात पोचवायची असायची, आणि वाटेत सरकारी माणसं टपलेली असायची. गाडी बाहेरून साधी दिसायला हवी, आतून पोलिसांच्या गाडीला मागे टाकणारी हवी, आणि मागे भरलेल्या दारूच्या वजनाने तिचं बूड खाली बसलेलं दिसता कामा नये. म्हणून मागच्या स्प्रिंगा खास ताठ करून घेतलेल्या असायच्या. आठवडाभर हा धंदा करणारी पोरं रविवारी कुणाच्या तरी शेतात गोल धाव आखून ‘कुणाची गाडी पळते’ ते बघायची. खेळाची सुरुवात ती.

या पसाऱ्याला नियम, हिशोब आणि बक्षिसाच्या पैशांची हमी देण्यासाठी बिल फ्रान्स यांनी डिसेंबर १९४७ मध्ये फ्लोरिडात डेटोना बीचच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात बैठक बोलावली. त्यातून फेब्रुवारी १९४८ मध्ये नॅसकार ही संस्था उभी राहिली. अस्सल बाजारातल्या गाड्यांची तिची पहिली शर्यत १९ जून १९४९ रोजी शार्लटला झाली. ग्लेन डनवे पहिला आला. तपासणीत त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगा दारूवाल्यांच्या पद्धतीच्या निघाल्या आणि तो बाद झाला. विजय जिम रोपर यांच्या नावावर गेला. म्हणजे पहिल्याच शर्यतीचा निकाल शर्यत संपल्याचा झेंडा पडल्यावर बदलला. ही सवय पुढेही सुटली नाही.

तेव्हा फेऱ्या मोजायला यंत्र नव्हतं. प्रत्येक गाडीसाठी एक माणूस कागद घेऊन बसायचा, बऱ्याचदा चालकाची बायको किंवा घरातलं कुणी, आणि गाडी समोरून गेली की घड्याळ बघून वेळ लिहायचा. चाळीसेक गाड्या, धूळ, कुणी मध्येच पिटमध्ये, म्हणजे टायर-दुरुस्तीच्या थांब्यावर, शिरलेलं, कुणी तीन फेऱ्या मागे पडून पुढच्याच्या बरोबरीने धावणारं. घोळ होणारच. १९५९ मध्ये पहिली डेटोना ५०० शर्यत झाली तेव्हा जॉनी बोशॅम्प यांना विजेते जाहीर केलं गेलं. मग छायाचित्रं आणि वृत्तपटाच्या फिती पाहिल्या, आणि तीन दिवसांनी विजय ली पेटी यांना दिला. त्याच वर्षी जूनमध्ये अटलांटाजवळच्या लेकवुड ट्रॅकवर झेंडा पडला तो रिचर्ड पेटी यांच्यासाठी. हरकत घेतली ली पेटी यांनी, म्हणजे सख्ख्या बापाने. कागद पुन्हा तपासले आणि पहिला क्रमांक बापाकडे गेला. मोजणीत चूक होणं या खेळात नवलाचं नव्हतं, हे इथे लक्षात ठेवायला हवं, कारण १९६३ च्या त्या शर्यतीत, फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलमध्ये, जे झालं त्याला नेमकं हेच पांघरूण मिळालं.

वेंडेल स्कॉट यांचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ चा, व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा. तंबाखूचा बाजार आणि कापडगिरण्यांचं हे गाव. यादवी युद्धाच्या अखेरीस, एप्रिल १८६५ मध्ये, गुलामगिरीसाठी लढणाऱ्या दक्षिणेच्या सरकारने रिचमंड सोडल्यावर आठवडाभर इथूनच कारभार केला होता, आणि गाव ते विसरलेलं नव्हतं. गाड्यांचं काम स्कॉट वडिलांकडून शिकले. दुसऱ्या महायुद्धात युरोपात मेकॅनिक म्हणून गेले, तेही गोऱ्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या तुकडीत. परत येऊन टॅक्सी चालवली, गॅरेज काढलं, आणि घर चालवायला हातभट्टीच्या फेऱ्या केल्या. १९४९ मध्ये एकदा पकडले गेले. तुरुंग टळला, तीन वर्षं सरकारी नजरेखाली राहायची शिक्षा झाली.

शर्यतीत ते आले तेही पोलिसांच्या शिफारशीने म्हणायला हरकत नाही. १९५२ मध्ये डॅनव्हिलच्या जत्रेच्या मैदानावर डिक्सी सर्किट नावाच्या स्थानिक मालिकेच्या शर्यती व्हायच्या. गर्दी ओसरत चालली होती. आयोजकांना वाटलं, एखादा काळा चालक गोऱ्यांशी भिडवला तर लोक तिकीट काढतील. असा चालक कुठे मिळेल, हे त्यांनी पोलिसांना विचारलं. ज्याचा पाठलाग करून पोलिसांची दमछाक झाली होती त्याचंच नाव त्यांनी सांगितलं. कुतूहलाची वस्तू म्हणून ट्रॅकवर उतरवलेला हा माणूस पुढे वीस वर्षं तिथून हलला नाही, हा आयोजकांचा हिशोब नक्कीच नव्हता.

त्याच उन्हाळ्यात ते आपली गाडी घेऊन विन्स्टन-सालेमला नॅसकारच्या शर्यतीसाठी गेले. दारातूनच परत पाठवलं. हाय पॉइंटला सांगितलं गेलं की गाडी धावेल, पण चालवायला गोरा माणूस बसवा. ते गाडी घेऊन घरी आले आणि छोट्या गावठी ट्रॅकवर धावत राहिले. काही वर्षांत रिचमंडमधल्या एका अधिकाऱ्याने, माइक पोस्टन यांनी, त्यांना नॅसकारचा परवाना देऊन टाकला. वरच्यांना विचारत बसले नाहीत. १९५९ मध्ये स्कॉट आपल्या वर्गात व्हर्जिनिया राज्याचे विजेते होते.

इथे एक दुरुस्ती करायला हवी. ‘नॅसकारमधला पहिला कृष्णवर्णीय चालक’ असं स्कॉट यांच्याबद्दल सर्रास लिहितात. सर्वोच्च मालिकेपुरतं ते खरं नाही. एलायस बोवी १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात एक शर्यत धावले होते, आणि चार्ली स्कॉट १९५६ मध्ये डेटोनाच्या वाळूवर. (दोघा स्कॉटांचं नातं काही नाही.) ते दोघे एकेका शर्यतीचे पाहुणे. मार्च १९६१ मध्ये स्पार्टनबर्गला वेंडेल स्कॉट ग्रँड नॅशनल मालिकेत (सर्वोच्च मालिकेचं तेव्हाचं नाव) उतरले ते मुक्कामाला.

हा मुक्काम कसा होता, ते त्या काळच्या पैशांच्या व्यवहारावरून कळतं. फोर्ड, क्रायसलर यांचा हात डोक्यावर असलेल्या संघांना नवी इंजिनं, नवे टायर, पगारी मेकॅनिक मिळत. बाकीचे ‘स्वतंत्र’. स्वतःची गाडी, स्वतःचं पेट्रोल, आणि जिंकण्यापेक्षा शेवटपर्यंत टिकून आठव्या-दहाव्या क्रमांकाचे पैसे घेऊन घरी जायचं. स्कॉट हे त्या स्वतंत्रांतलेही शेवटच्या पायरीवरचे. श्रीमंत संघांनी काढून टाकलेले टायर विकत घ्यायचे. पोरांनाच पिटमध्ये उभं करायचं, आणि ती नसली तर पिटमध्ये थांबून स्वतःच खाली उतरून काम उरकायचं. शर्यतीच्या गावात हॉटेलात खोली मिळत नसे, उपाहारगृहात टेबल मिळत नसे. कुटुंब गाडीत झोपायचं आणि घरून आणलेलं खायचं. दक्षिण कॅरोलायनातल्या डार्लिंग्टन ट्रॅकने तर त्यांना कित्येक वर्षं आतच घेतलं नाही. काही चालक मुद्दाम धडक देत. उलट धडक देणं स्कॉट यांना परवडणारं नव्हतं. एक तर दुरुस्तीला पैसे नाहीत, आणि काळ्या माणसाने गोऱ्याची गाडी कठड्यावर घातली तर पुढे काय होईल, हे सांगायची गरज नव्हती. मदत करणारेही होते, ते नाकारू नये. दोनदा विजेतेपद मिळवलेल्या नेड जॅरेट यांनी आपली १९६२ ची शेव्हरले त्यांना विकली. ३४ क्रमांक रंगवलेली हीच गाडी पुढे जॅक्सनव्हिलला धावली.

१९६३ हे वर्ष. १० जूनला डॅनव्हिलमध्ये समान हक्कांसाठी प्रार्थना करत निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, पाण्याचे फवारे सोडले; गावात तो दिवस ‘रक्तरंजित सोमवार’ म्हणूनच ओळखला जातो. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनचा मोठा मोर्चा झाला. २२ नोव्हेंबरला केनेडींची हत्या. आणि त्यानंतर नऊ दिवसांनी, १ डिसेंबरला, जॅक्सनव्हिलच्या स्पीडवे पार्कवर अर्ध्या मैलाच्या कच्च्या ट्रॅकवर २०० फेऱ्यांची शर्यत.

असा ट्रॅक शंभर मैल तुडवला की त्याचं उखळ होतं. वेगवान गाड्या एकेक करून मोडायला लागल्या. पुढे असलेल्या रिचर्ड पेटी यांच्या गाडीत बिघाड झाला आणि २५ फेऱ्या उरल्या असताना स्कॉट यांनी त्यांना मागे टाकलं. त्यानंतर त्यांच्या पुढे कुणी गेलं नाही. दोनशे फेऱ्या झाल्या. चौकड्यांचा झेंडा हलला नाही. स्कॉट धावत राहिले. आणखी एक फेरी. आणखी एक. झेंडा पडला तो बक बेकर यांच्यासाठी, जे प्रत्यक्षात दोन फेऱ्या मागे होते. चषक बेकर यांना मिळाला, छायाचित्रं बेकर यांची निघाली.

स्कॉट यांनी कागद तपासायला सांगितले. प्रेक्षक पांगल्यावर अधिकाऱ्यांनी सांगितलं की मोजणीत चूक झाली होती, विजेते तुम्हीच. पहिल्या क्रमांकाचे हजार डॉलर त्यांच्या हातात पडले. चषक तोवर बेकर यांच्याबरोबर निघून गेला होता.

चूक खरोखर चूक होती का? स्कॉट यांना तसं कधीच वाटलं नाही. विजेत्याला चषक देणारी सुंदरी त्याच्या गालाचा मुका घेत असे. फ्लोरिडात, हजारो गोऱ्या प्रेक्षकांसमोर, तो प्रसंग आयोजकांना नको होता, असं ते सांगत. कागदावर याचा पुरावा सापडणार नाही, पण मला ते पटतं. एका फेरीचा घोळ समजू शकतो. पण ट्रॅकवर एकच काळा माणूस, त्याच्या गाडीवर भला मोठा ३४, आणि तीच गाडी दोन फेऱ्या कुणाच्या नजरेतून सुटते? ली पेटींच्या वेळी लोक तीन दिवस फिती बघत बसले होते, आणि निकाल फिरल्यावर मान आणि प्रसिद्धी सगळं त्यांना मिळालं होतं. इथे गर्दी घरी जाईपर्यंत थांबले. महिनाभराने सव्हानाला स्कॉट यांच्या हाती चषक म्हणून एक लाकडी ठोकळा दिला गेला.

विजयानंतर कुणी मोठी कंपनी गाडी घेऊन दारात येईल, ही आशा फोल ठरली. तरी १९६६ मध्ये ते वर्षाच्या गुणतक्त्यात सहावे आले, आणि पुढची तीन वर्षंही पहिल्या दहात राहिले. जुन्या टायरांवर, घरच्या माणसांच्या जोरावर. मला विचाराल तर जॅक्सनव्हिलपेक्षा हा सहावा क्रमांक मोठा. एखादा दिवस नशिबाचा असू शकतो, अख्खा मोसम नसतो.

मग खेळच बदलला. १९७१ च्या सुरुवातीला अमेरिकेत दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींना बंदी आली आणि तो पैसा शर्यतींकडे वळला. विन्स्टन सिगारेटचं नाव मालिकेला लागलं. १९७२ पासून लहान गावांतल्या छोट्या शर्यती गाळून वर्षाला ३१ च शर्यती ठेवल्या. राहिले ते मुख्यतः लांब पल्ल्याचे, डांबरी, वेगाचे ट्रॅक, जिथे जुनं इंजिन उघडं पडतं. तंबाखूच्या गावातल्या माणसाची वाट तंबाखूच्या पैशाने अरुंद केली. स्कॉट यांनी कर्ज काढून एक चांगली मर्क्युरी घेतली आणि मे १९७३ मध्ये टॅलाडेगाला नेली. सुरुवातीच्याच काही फेऱ्यांत वीसएक गाड्या एकमेकींवर आदळल्या. स्कॉट यांच्या बरगड्या, कमरेचं हाड, गुडघे मोडले. गाडी गेली, कर्ज राहिलं. त्याच ऑक्टोबरमध्ये शार्लटला ते एकदा धावले, बारावे आले, आणि थांबले. एकूण ४९५ शर्यती, विजय एक, पहिल्या दहात १४७ वेळा.

पुढची वर्षं डॅनव्हिलच्या गॅरेजमध्ये गेली. २३ डिसेंबर १९९० रोजी, कर्करोगाने, ते गेले. चषकाचा विषय त्यांच्या हयातीत मिटला नाही.

उरलेल्या गोष्टी त्यांच्या पश्चात, सावकाश झाल्या. २०१० मध्ये जॅक्सनव्हिलमधल्या एका स्थानिक संस्थेने कुटुंबाला चषकाची प्रतिकृती दिली. गंमत म्हणजे त्याच वर्षी आपल्याकडचे नारायण कार्तिकेयन नॅसकारच्या ट्रक मालिकेत पहिल्यांदा धावले, तेही डॅनव्हिलपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या मार्टिन्सव्हिल ट्रॅकवर. तिथेच २०१३ मध्ये बबा वॉलेसने ट्रकची शर्यत जिंकली, स्कॉट यांच्यानंतर नॅसकारच्या राष्ट्रीय पातळीवरचा कृष्णवर्णीय चालकाचा तो पहिला विजय. पुढच्या वर्षी स्कॉट यांची आठवण म्हणून ३४ क्रमांक लावून त्याने तिथेच पुन्हा जिंकून दाखवलं. जानेवारी २०१५ मध्ये शार्लटच्या हॉल ऑफ फेममध्ये स्कॉट यांचा समावेश झाला. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतरच्या आंदोलनात, नॅसकारने आपल्या ट्रॅकवर कॉन्फेडरेट झेंड्याला, म्हणजे यादवी युद्धातल्या त्याच दक्षिणेच्या झेंड्याला, बंदी घातली. प्रेक्षकांच्या गर्दीत हा झेंडा स्कॉट यांनी आयुष्यभर बघितला होता.

नॅसकारने स्वतःहून चषक करवून कुटुंबाच्या हाती दिला तो २८ ऑगस्ट २०२१ रोजी, डेटोनाला. दुसऱ्या दिवशी स्कॉट यांना शंभर वर्षं पुरी झाली असती. त्यानंतर पाच आठवड्यांनी टॅलाडेगाला पाऊस पडला.