सोमाली जेट आणि बंदरात अडकलेली माणसं

मे संपत आला की हवामानाच्या बातम्यांत एक नाव हमखास येतं: सोमाली जेट, म्हणजे पावसाळी वाऱ्याचा वेगवान झोत. जेटने जोर धरला, आता कोकणात पाऊस. एरवी सोमालिया आपल्या कानावर पडतो तो चाच्यांमुळे. मार्च 2024 मध्ये ‘आयएनएस कोलकाता’ 35 सोमाली चाच्यांना घेऊन मुंबईत आली, तेव्हा शेजारच्या एका गृहस्थांनी मला विचारलं, “तो जेट यांचाच का हो?” मी हसलो खरा, पण त्या दोन गोष्टींचा संबंध आहे. जून ते सप्टेंबर हा वारा पेटला की चाच्यांच्या छोट्या होड्या समुद्रात टिकत नाहीत आणि हल्ले कमी होतात. हाच वारा शतकानुशतकं व्यापाऱ्यांची गलबतंही अडवत आला. सोमाली किनाऱ्यावरची जुनी शहरं आणि त्यांतली माणसं या अडकून पडण्यातून घडली, असं माझं मत आहे. ते पटायला आधी वारा समजून घ्यावा लागेल.

शाळेत आपण शिकलो की उन्हाळ्यात जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा आत येते. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. एवढंच असतं तर वारा अख्ख्या अरबी समुद्रावर सारखा पसरून आला असता. प्रत्यक्षात तो एखाद्या नदीसारखा येतो. मादागास्करच्या पूर्वेला, मॅस्करीन बेटांच्या बाजूला, जूनमध्ये हिवाळा असतो आणि हवेचा दाब जास्त असतो. तिथून निघालेली हवा वायव्येला सरकते, केनियाच्या आसपास विषुववृत्त ओलांडते, सोमालियाच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर धावते आणि मग अरबी समुद्र ओलांडून आपल्याकडे येते. जॉन फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञाने 1969 मध्ये या प्रवाहाचं नीट वर्णन केलं. तो सर्वांत वेगवान असतो समुद्रसपाटीपासून साधारण एक-दीड किलोमीटर उंचीवर. तिथे ताशी 50-60 किलोमीटर ही त्याची रोजची चाल, आणि अंगात आलं तर ताशी 100 किलोमीटरच्याही वर.

इतकी हवा एका चिंचोळ्या पट्ट्यात का कोंबली जाते? कारण पश्चिमेला भिंत आहे. केनिया आणि इथिओपियाचे डोंगर दोन-तीन हजार मीटर उंच आहेत. हवा त्यांना अडते आणि त्यांच्या कडेकडेने धावते.

पण भिंतीचं खरं काम वेगळंच आहे आणि मला ते फार आवडतं, म्हणून थोडं किचकट झालं तरी सांगतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे दक्षिण गोलार्धात वारे डावीकडे वळतात, उत्तर गोलार्धात उजवीकडे. दक्षिणेकडून येणारी हवा तिकडची फिरकी अंगात घेऊन येते. मोकळ्या समुद्रावर तिने विषुववृत्त ओलांडलं, तर उत्तरेत शिरताच ती उजवीकडे वळत वळत पुन्हा दक्षिणेकडे तोंड करते. म्हणजे नुसत्या ढकलण्याने ती आपल्यापर्यंत पोचत नाही. तिची फिरकी बदलावी लागते. ती बदलतात डोंगर. उत्तरेकडे धावणाऱ्या या हवेची डावी कड डोंगराला घासते आणि मंदावते, उजवी कड वेगात राहते. ओढ्यात काठाजवळ टाकलेलं पान आठवा: काठाकडची बाजू रेंगाळते, प्रवाहाकडची पुढे पळते आणि पान गरगर फिरू लागतं. इथे डावी बाजू हळू आणि उजवी जलद, म्हणून फिरकी पडते घड्याळाच्या काट्यांच्या उलट. उत्तर गोलार्धाची फिरकी नेमकी हीच! डोंगराला घासून हवा जणू उत्तरेचा परवाना मिळवते. आफ्रिकेच्या पूर्व कडेला सपाट मैदान असतं, तर हा जेट इतका अरुंद आणि जोमदार झाला नसता.

गंमत अशी, की कोकणाला झोडपणारा हा वारा सोमालियाच्या उत्तर किनाऱ्याला जवळपास कोरडाच ठेवतो. बरबेरात वर्षाला 50 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्याकडे तो एका दुपारचा. पूर्व किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा पृष्ठभागाचं पाणी किनाऱ्यापासून लांब लोटतो आणि त्याच्या जागी खालचं थंडगार पाणी वर येतं. ऐन उन्हाळ्यात तिथल्या रास हाफून या भूशिराजवळ समुद्राचं तापमान 20 अंशांच्या खाली जातं. थंड समुद्रावर ढग कुठून माजणार? बरबेराला उन्हाळ्यात जो तापलेला, धुळीचा वारा सुटतो, त्याचं नाव ‘खरीफ’. आपलं खरीप त्याच अरबी शब्दातून आलंय. नाव एक, तिकडे धूळ, इकडे भाताची लावणी.

आता माणसांकडे येऊ. सोमाली भाषेत या काळाला ‘बद-हिरन’ म्हणतात, म्हणजे बंद समुद्र. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवतात, तसंच. नोव्हेंबरपासून ईशान्येचे वारे सुरू झाले की भारत, अरबस्तान आणि इराणी आखातातून गलबतं मोगादिशू, मर्का, बरावा या बंदरांकडे निघत. परतायचं तर वारा उलटावा लागे. एप्रिल-मेमध्ये नैर्ऋत्य वारा कोवळा असतानाच निसटलं तर ठीक. ती वेळ हुकली, तर जून-जुलैच्या खवळलेल्या दर्यात कुणी शहाणा तांडेल शीड उभारत नसे. मग ऑगस्टअखेरपर्यंत मुक्काम.

परक्या गावात इतके महिने काढायचे म्हणजे डोक्यावर छप्पर हवं, माल ठेवायला कोठी हवी, भांडण झालं तर बाजू घेणारा हवा. 1331 मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता मोगादिशूला उतरला, तेव्हा ही सोय त्याने पाहिली. जहाज आलं की शहरातले तरुण होड्यांतून जेवणाची झाकलेली ताटं घेऊन येत. जो ज्या व्यापाऱ्यापुढे ताट ठेवील, तो त्याचा यजमान. पुढची सगळी खरेदी-विक्री त्याच्यामार्फत. त्याच्या गैरहजेरीत झालेला सौदा रद्द. इब्न बतूता व्यापारी नव्हता, म्हणून त्याची व्यवस्था काझीकडे लागली. त्याच्यापुढे आलं विडा-सुपारी, तूपभात, दुधात शिजवलेली कच्ची केळी, लिंबाचं लोणचं, ओलं आलं आणि आंबे. हे वाचताना मला मोगादिशू एकदम रत्नागिरीच्या शेजारी असल्यासारखं वाटलं. तिथला सुलतान आपली मक्दिशी भाषा बोले आणि त्याला अरबीही येई.

उत्तरेत याच यजमानाला ‘अब्बान’ म्हणत. तो दलाल आणि पाठीराखा दोन्ही. त्याच्या टोळीची ताकद म्हणजे पाहुण्याचा विमा. बरबेरात ऑक्टोबर ते एप्रिल मोठी जत्रा भरे. आतल्या पठारावरून उंटांचे तांडे डिंक, कातडी, तूप घेऊन येत, भारतातून वाणी येत, आणि खरीफ सुटायच्या आत गाव ओस पडे. शहरसुद्धा वाऱ्याच्या वेळापत्रकावर चालायचं.

हा व्यापार फार जुना आहे. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या ग्रीक मार्गदर्शिकेत लिहिलंय की अरियाके आणि भडोच भागातून गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड सोमाली किनाऱ्यावर येई. अरियाके म्हणजे पश्चिम भारताचा किनारा. तो कोकणापर्यंत येत असावा असं बरेच अभ्यासक मानतात. इथून पुढे दालचिनीही विकली जाई. ती पिके पूर्वेकडे, पण ग्रीकांना सांगितलं गेलं की प्रचंड पक्षी तिच्या काड्यांची घरटी बांधतात आणि मोठ्या हिकमतीने ती पाडावी लागतात. रोमन लेखक प्लिनीने तेव्हाच बजावलं होतं की या थापा भाव चढवण्यासाठी आहेत. आज ‘सोमालिया म्हणजे सोम-आलय’ असे संदेश मोबाइलवर फिरतात. त्यांना तर भाव चढवण्याचंही निमित्त नाही. खरा धागा हवा असेल तर मोगादिशूच्या किनारपट्टीचं नाव पाहा: बनादिर. फारसी ‘बंदर’चं हे अरबी अनेकवचन, आणि तोच बंदर आपल्या भाऊच्या धक्क्यापर्यंत आलेला आहे.

मुक्काम लांबला की सोयरीक होते. मोगादिशूच्या 13व्या शतकातल्या एका थडग्यावर गाडलेल्या माणसाचं मूळ गाव कोरलंय: इराणकडच्या खुरासानातलं निशापूर. थोडं दक्षिणेला, प्रामुख्याने केनिया-टांझानियाच्या किनाऱ्यावरच्या मध्ययुगीन आणि नंतरच्या 80 व्यक्तींचा डीएनए 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आफ्रिकी वारसा मुख्यतः आयांकडून आणि आशियाई, विशेषतः इराणी, वारसा मुख्यतः बापांकडून आलेला दिसला. मिसळण सुरू झाली इसवी सन 1000च्या सुमाराला. वारा उलटायची वाट पाहणारे पुरुष, आणि त्यांना घरात घेणारी किनाऱ्यावरची कुटुंबं.

या मिसळणीतून ‘रेर हमर’ म्हणजे मोगादिशूचे जुने शहरवासी झाले, मर्का-बरावाचे लोक झाले. इजिप्तपर्यंत जाणारं कापड विणणारं शहर म्हणजे मोगादिशू. बरावाची चिमिनी भाषा स्वाहिलीची बहीण. दादा मसिती या संत कवयित्रीच्या रचना तिच्यातल्या. पण विसाव्या शतकात सोमाली राष्ट्राची गोष्ट रचली गेली ती उंट, पशुपालन आणि एका मूळ पुरुषाच्या वंशावळीवर. अब्बानच्या भरवशावर जगलेल्यांना त्या वंशावळीत जागा अपुरी पडली. 1991 मध्ये सरकार कोसळलं, तेव्हा या किनारी शहरांतल्या लोकांकडे, म्हणजे बनादिरींकडे, स्वतःची सशस्त्र टोळी नव्हती. घरं लुटली गेली आणि पुष्कळ जण होड्यांतून केनियाकडे पळाले.

2000 साली सत्तावाटपाचं सूत्र ठरलं, त्याला ‘साडेचार’ म्हणतात. चार मोठ्या टोळीगटांना एकेक वाटा आणि उरलेल्या सगळ्यांना मिळून अर्धा. बनादिरी त्या अर्ध्यात आहेत. चिमिनी बोलणारी पुष्कळ कुटुंबं आता मोंबासा आणि लंडनमध्ये राहतात.