उंडेऱ्यातली निम्मी माणसे

१८९८ सालच्या फेब्रुवारी महिन्यात बडोद्याजवळच्या उंडेरा या गावात प्लेग शिरला होता आणि त्याच्या मागोमाग वॉल्डेमार हाफकिन यांची लस टोचणारे पथकही तेथे पोहोचले होते. पथकाने गावकऱ्यांना घराघराने बोलावले. सगळ्या गावाला लस टोचणे हा त्यांचा बेत नव्हता आणि जो पुढे येईल त्यालाच टोचायची असेही त्यांनी केले नाही. प्रत्येक कुटुंबातील माणसे वय, स्त्री-पुरुष आणि प्रकृती पाहून जमेल तितकी सारखी विभागण्यात आली. निम्म्यांना लस टोचली आणि निम्म्यांना तसेच ठेवले. एकाच चुलीवरचे खाणाऱ्या आणि एकाच अंधाऱ्या खोलीत निजणाऱ्या माणसांपैकी काहींनी लस घेतलेली होती, काहींनी नव्हती. पुढे ज्या २८ घरांत प्लेग निघाला, त्यांत लस घेतलेली ७१ माणसे होती. त्यांतल्या ८ जणांना प्लेग झाला आणि ३ जण दगावले. त्याच घरांतल्या लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि त्यांतले २६ जण दगावले.

साथीच्या काळात लस आणि औषध यांवर जो वाद पेटतो, तो वरवर पाहता 'गुण येतो की नाही' असा असतो. मुंबईच्या प्लेगच्या दशकातली कागदपत्रे वाचताना मात्र दिसते की भांडण बहुतेक वेळा दुसऱ्याच गोष्टीवर अडलेले होते: गुण आला असे म्हणताना तुलना कोणाशी केली? उंडेऱ्याच्या आकड्यांचे वजन त्या २३ मृत्यूंच्या फरकात जितके आहे, तितकेच ते दोन्ही बाजूंची माणसे एकाच घरातली होती या साध्या गोष्टीत आहे.

मुंबईत मांडवी भागात प्लेग असल्याचे निदान डॉ. अकासियो व्हिएगास यांनी १८९६ च्या सप्टेंबरात केले. पुढच्याच महिन्यात हाफकिन कलकत्त्याहून मुंबईला आले. हे मूळचे ओडेसाचे, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले आणि हिंदुस्थानात पटकीची लस टोचत फिरलेले शास्त्रज्ञ. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या सरंजामावर त्यांनी काम सुरू केले. बोकडाच्या मटणापासून केलेल्या रश्श्यात ते प्लेगचे जंतू वाढवत. गोमांस आणि डुकराचे मांस टाळले होते, कारण लस पुढे हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही अंगात जायची होती. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत सोडले की त्या थेंबांच्या खालच्या अंगाला जंतू धरत आणि गुहेच्या छताला लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे तंतू खाली उतरू लागत. बाटली अलगद हलवली की ते तळाशी गळून पडत आणि पुन्हा नवे धरत. पाचसहा आठवड्यांनी ते सगळे तासभर तापवून जंतू मारायचे आणि त्यात कार्बोलिक आम्ल घालायचे, की लस तयार. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिननी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांना सणकून ताप आला आणि टोचल्या जागी ठणका लागला.

त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग निघाला आणि तेथील राजी झालेल्या कैद्यांवर लसीची पहिली मोठी पारख झाली. लस न घेतलेल्या कैद्यांत प्लेगही अधिक झाला आणि मृत्यूही अधिक झाले. तुरुंग ही तुलनेसाठी एका अर्थाने सोयीची जागा, कारण सर्वांचे अन्न, काम आणि कोठड्या सारख्याच असतात. कैद्याचा होकार कितपत मोकळा असतो, हा प्रश्न मात्र तेव्हा फारसा कोणी विचारला नाही.

यानंतर आले पोर्तुगीजांच्या ताब्यातले दमण. तेथे १८९७ च्या साथीत लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ दगावले, म्हणजे शंभरी दीडपेक्षा थोडे जास्त. लस न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२ दगावले, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा. हे आकडे उंडेऱ्याच्या कितीतरी पट मोठे आहेत आणि पहिल्यांदा वाचणाऱ्याला तेच अधिक भक्कम वाटतात. तरी माझ्या मते ते उंडेऱ्यापेक्षा कच्चे आहेत, आणि ते का, हे जरा सावकाश पाहण्यासारखे आहे.

दमणमध्ये लस ज्याने त्याने आपल्या मर्जीने घेतली. जो माणूस स्वतःहून दंड पुढे करतो, तो इतर बाबतींतही निराळा असू शकतो: उंदीर पडू लागताच घर सोडणारा, हवेशीर जागेत राहणारा, दोन दिवस तापाने काम बुडाले तरी ज्याची चूल पेटते असा. रोजंदारीवरच्या मजुराला लसीचा ताप परवडत नव्हता, आणि तोच दाटीच्या, उंदरांनी भरलेल्या खोलीत राहत होता. अशा वेळी फरकातला किती वाटा लसीचा आणि किती हवेशीर घराचा, हे आकडे आपल्याला सांगत नाहीत. दुसरी अडचण काळाची आहे आणि ती अधिक फसवी आहे. समजा साथ दहा आठवडे चालली आणि एखाद्याने पाचव्या आठवड्यात लस घेतली. पहिले चार आठवडे तो जगला म्हणूनच तो लस घेणाऱ्यांच्या यादीत येऊ शकला. त्या चार आठवड्यांत जे मेले, त्यांच्यातही पुढे लस घेतली असती असे लोक असतीलच, पण ते सगळे 'न घेतलेल्या' रकान्यात मांडले गेले. लसीच्या जागी नुसते मिठाचे पाणी टोचले असते, तरी अशा मांडणीत लस घेणारेच अधिक जगलेले दिसले असते. उंडेऱ्यात निम्म्यांना एकाच वेळी टोचल्याने ही खोट राहिली नाही. प्रकृती पाहून विभागणी करणाराही माणूसच असतो आणि त्याचा हात नकळत एखाद्या बाजूला झुकू शकतो, ही शंका मात्र तेथेही उरतेच.

उंडेऱ्याबद्दल बोलताना एक गोष्ट घशात अडकते. दमणच्या आकड्यांवर ज्याचा पुरता विश्वास होता, त्याला उंडेऱ्यात निम्म्या माणसांना लसीशिवाय ठेवण्याचा अधिकार नव्हता. आणि ज्याचा नव्हता, त्याला उंडेऱ्यावाचून खरे कळण्याचा मार्ग नव्हता. ते २६ मृत्यू या पेचात सापडलेल्या माणसांचे आहेत आणि आजही प्रत्येक चाचणीची नीतिसमिती नेमक्या याच पेचाभोवती घुटमळत असते.

लसीवर असा खल चाललेला असताना उपचारांच्या बाजूला त्याहून मोठा गोंधळ होता. प्लेगचा जंतू शोधणाऱ्या अलेक्सांद्र येर्सां यांनी घोड्यांच्या रक्तापासून केलेले सीरम, म्हणजे रक्तजल, १८९६ साली चीनमध्ये २६ रोग्यांना दिले आणि त्यांतले फक्त दोघे दगावले. प्लेगच्या मानाने हा चमत्कारच होता. १८९७ मध्ये ते सीरम घेऊन येर्सां मुंबईत आले, तेव्हा तो चमत्कार काही पुन्हा घडला नाही. पाठोपाठ इटलीचे प्राध्यापक आलेस्सांद्रो लुस्टिग यांचे सीरम आले आणि आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयात ते वापरले जाऊ लागले. हे तेच रुग्णालय, जे आज कस्तुरबा म्हणून ओळखले जाते. १८९६ च्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने त्यावर हल्ला केला होता, कारण तेथे नेलेला माणूस परत येत नाही, असा लोकांचा पक्का समज झाला होता. रोग्यांच्या शरीरातून मोमियाई, म्हणजे औषधी मानले जाणारे तेल, काढतात, अशीही अफवा होती. ही अफवा आज हास्यास्पद वाटते, पण ज्या रुग्णालयात येणारे बहुसंख्य रोगी मरणाच्या दारातच आणले जात, तेथून फारसे कोणी परत येत नाही, हे निरीक्षण चुकीचे नव्हते. चूक होती ती कारण लावण्यात.

नेमकी तशीच चूक, उलट दिशेने, सीरमच्या पहिल्या आकड्यांतही शिरली. जो रोगी काही तासांचाच सोबती आहे त्याला महागडे, जेमतेम हाती आलेले सीरम कोण देणार? ते ज्यांच्यात धुगधुगी आहे त्यांनाच दिले जाई. मग सीरम दिलेल्यांत मृत्यू कमी आणि बाकीच्यांत जास्त, असा निकाल न लागला तरच नवल. हा आक्षेप आल्यावर रुग्णालयाचे डॉ. नसरवानजी चोक्सी यांनी आळीपाळीची पद्धत धरली: योग्य रोग्यांपैकी एकाला सीरम द्यायचे, दुसऱ्याला नेहमीचे उपचार, तिसऱ्याला पुन्हा सीरम. चिठ्ठ्या टाकून रोग्यांची वाटणी करण्याची आजची रीत रुळायला अजून अर्धे शतक होते, त्यामुळे मुंबईतल्या एका प्लेगच्या वॉर्डात हा विचार अमलात आला, याचे मला कौतुक वाटते. अशी तुलना होऊ लागली, तसा सीरमचा मोठा दिसणारा गुण आकसत गेला.

२०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर दिवसाला चारपाच तरी निरोप प्लाझ्मा मागणारे येत होते: रक्तगट, वॉर्ड, नातेवाइकाचा नंबर, 'कृपया पुढे पाठवा'. कोरोनातून बरे झालेल्याचा रक्तद्रव आजाऱ्याला देण्याची ती कल्पना म्हणजे त्याच सीरमची नात होती आणि कानाला तितकीच पटणारी होती. खरे तर त्याआधीच, २०२० मध्ये, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर तिची चाचणी केली होती. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी १९ टक्के रुग्णांचा आजार तीव्र झाला किंवा ते दगावले. न मिळालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. ब्रिटनमधल्या साडेअकरा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीतही दोन्ही बाजूंना मृत्यूचे प्रमाण २४ टक्केच आले. मे २०२१ मध्ये प्लाझ्मा राष्ट्रीय उपचारसूचीतून वगळला गेला. याउलट डेक्सामेथासोन हे जुने, स्वस्त स्टेरॉइड त्याच ब्रिटिश चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करणारे ठरले, आणि त्यासाठी गटावर कोणी निरोप पाठवल्याचे मला आठवत नाही.

प्लेगच्या लसीकडे परत येऊ. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने हाफकिन यांचे आकडे उलटेपालटे करून तपासले, नोंदींतल्या चुकांवर बोट ठेवले आणि शेवटी मान्य केले की लसीने प्लेग होण्याचे आणि मरण्याचे प्रमाण बरेच घटते, पण संरक्षण पूर्ण नसते आणि पहिल्या काही दिवसांत तर ते मिळतच नाही. आयोगातले एक सदस्य होते आल्मरॉथ राइट. गंमत अशी की १९०४ साली त्यांच्याच विषमज्वराच्या लसीचे लष्करी आकडे संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअरसन यांनी सोलून काढले आणि सुचवले की लस घ्यायला तयार असलेल्यांची यादी करा आणि त्यातल्या दर दुसऱ्यालाच टोचा. उत्सुक माणसाची तुलना उत्सुक माणसाशीच व्हावी, एवढाच त्याचा अर्थ.

दरम्यान ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना हाफकिन यांची लस टोचली गेली. त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. दिवस एक, गाव एक, टोचणारे तेच. पण मेलेले सगळे '५३-एन' या एकाच बाटलीतले. बाकीचे ८८ जण सुखरूप राहिले. दोष लसीच्या कल्पनेचा नसून त्या बाटलीचा आहे, हे या तुलनेने लगेच उघड केले. पण बाटलीत धनुर्वाताचे जंतू शिरले कोठे, मुंबईच्या प्रयोगशाळेत की मुल्कोवालच्या मातीत, याचे उत्तर एवढ्यावरून मिळत नव्हते. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या आयोगाने प्रयोगशाळेकडे बोट दाखवले, आणि हाफकिन यांची कारकीर्द तेथेच मोडली.

वास्तविक पुरावा दुसरीकडे झुकत होता. बाटली उघडणाऱ्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नुसता कार्बोलिकमध्ये खळबळून त्याने बूच काढले होते. धनुर्वाताचे जंतू मातीतच असतात आणि त्यांची बीजे एवढ्याने मरत नाहीत. शिवाय ते जंतू बाटलीत आठवड्यानुआठवडे वाढत असते, तर बूच काढताच घाण वास आला असता; तसा वास आल्याची नोंद नव्हती. १९०७ साली रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हा मुद्दा जाहीरपणे लावून धरला, तेव्हा कोठे हाफकिन यांच्या माथ्यावरचा डाग पुसला गेला. ते हिंदुस्थानात परतले, पण कलकत्त्याला. प्लेगच्या लसीचे काम त्यांच्याकडे पुन्हा आले नाही. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधल्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत तुपाच्या थेंबाखाली वाढवून तयार करण्याच्या त्यांच्या युक्तीतून निघालेल्या त्या लसीच्या २ कोटी ६० लाख मात्रा मुंबईहून बाहेर गेल्या होत्या.