जुन्या गाडीची ॲक्सिलरेटर केबल : ग्राहकांसाठी माहिती

पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उड्या मारते, पेडल थोडे दाबले तर काहीच होत नाही आणि आणखी थोडे दाबताच ती एकदम उसळते, अशी तक्रार घेऊन येणारे बरेच ग्राहक ‘केबल जरा ताणून द्या’ असे सुचवतात. आमचा अनुभव असा की, निव्वळ केबल ताणल्याने हा त्रास क्वचितच जातो, उलट वाढण्याचीच शक्यता असते. हे काम आमच्या गॅरेजमध्ये कोणत्या क्रमाने होते, हे आपल्याला माहीत असावे म्हणून हे पत्रक आहे.

१९८३ ते २०१४ या काळात बनलेली मारुती ८००, तसेच जुनी ओम्नी किंवा झेन, अशा गाड्यांमध्ये पेडलपासून इंजिनपर्यंत पोलादी तारांची केबल जाते आणि ती थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी, झडप उघडते. पेडल सोडल्यावर झडप मिटवण्याचे काम स्प्रिंगचे असते. कार्बोरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणारा जुना यांत्रिक भाग) गाडीतही हेच आणि एमपीएफआयमध्येही (पेट्रोल इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने फवारणारी पद्धत) हेच. पेडल सोडलेले असताना केबलमध्ये थोडा सैलपणा, म्हणजे ‘प्ले’, असावाच लागतो. तो फार झाला तर पेडलची सुरुवातीची चाल वाया जाते आणि पेडल तळाला टेकले तरी झडप पूर्ण उघडत नाही. तो अजिबात नसेल तर झडप पूर्ण मिटत नाही, आयडलिंग (पेडल सोडलेले असतानाचा इंजिनाचा वेग) चढलेले राहते आणि एमपीएफआय गाडीत थ्रॉटल बंद झाल्याचा संकेत कंट्रोल युनिटला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, नीट मिळत नाही.

म्हणून आम्ही आधी केबल थ्रॉटल लिव्हरवरून सोडवतो आणि लिव्हर हाताने फिरवून पाहतो. झडपेच्या कडेला काजळी साचली असेल, तर ती सुरुवातीला चिकटते आणि मग झटक्याने सुटते. सिग्नलवरून निघताना बसणारा धक्का पुष्कळदा हाच असतो, आणि त्यावर उपाय सफाईचा, केबलचा नव्हे. त्यानंतर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर बसवलेले असते ते रबरी आधार, तपासतो. त्याचे रबर दबून गेलेले असेल तर गाडी निघताना इंजिन कलते, त्यासरशी केबल ओढली जाते किंवा ढिली पडते, आणि चालकाने पाय स्थिर ठेवला तरी रेस आपोआप कमी-जास्त होऊ लागते. अशा गाडीत केबल कितीही नीट लावली तरी उड्या थांबणार नाहीत.

शेवटी केबल. आतली तार टोकाशी उसवली असेल, बाहेरचे आवरण सायलेन्सरच्या बाजूच्या उष्णतेने वितळले असेल किंवा केबल कुठे तीव्र वळली असेल, तर ती बदलावीच. उसवलेल्या तारेला जोड देण्याचे काम आम्ही करत नाही. आत प्लास्टिकचे अस्तर असलेल्या केबलमध्ये ग्रीस भरू नये, कारण त्यात धूळ धरते आणि केबल आणखी जड होते. चांगल्या केबलचा प्ले आम्ही इंजिन गरम करून, मग बंद करून, ॲडजस्टरच्या (केबलचा ताण जुळवायचा भाग) दोन नटांनी गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेतील मापाप्रमाणे लावतो, आणि एकाला पेडल पूर्ण दाबायला सांगून झडप शेवटपर्यंत उघडते की नाही हे दुसरा पाहतो. पायाखालची जाड मॅट पेडलला अडवत असेल तर तीही याच वेळी उघडकीस येते. आयडलिंग कमी वाटते म्हणून केबल ताणून ते वाढवणे आम्हाला मान्य नाही, आणि झडप कुठवर मिटावी हे ठरवणारा, कारखान्यात लावून दिलेला थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू आम्ही हलवत नाही.

पेडल सोडल्यावरही रेस उतरत नसेल, तर गाडी चालवत गॅरेजपर्यंत आणू नये, आम्हाला बोलवावे. चालत्या गाडीत असे झाले तर क्लच दाबून गाडी न्यूट्रल करावी, ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरावा, तो पुन्हापुन्हा पंप करू नये, आणि चावी फिरवून इंजिन बंद करावे; मात्र गाडी थांबेपर्यंत चावी काढू नये, नाहीतर स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

गाडी देताना धक्का थंड इंजिनावर बसतो की गरम झाल्यावर, आणि एसी चालू असताना बसतो की बंद असतानाही, एवढे सांगितल्यास तपासणीचा बराच वेळ वाचतो. काम झाल्यावर टेस्ट ड्राइव्हला आपण सोबत यावे, अशी विनंती आहे.